भूमीची एकादशी

'अभयारण्य' हा शब्द आता वर्तमानपत्रांतून आणि सरकारी पाट्यांवरून सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु शब्द जितका परिचयाचा होतो, तितका त्याचा अर्थ मागे पडतो. पाटीवर मोठ्या अक्षरांत अभय लिहिलेले असते, खाली बारीक अक्षरांत दंड आणि कैद लिहिलेली असते, आणि वाचणाऱ्याच्या मनात उत्पन्न होते ते भय! मग हे अभय कोणाचे? उत्तर सोपे आहे. ते वाचणाऱ्याचे नव्हेच. ज्याला वाचता येत नाही त्याचे ते आहे. बगळ्याला, खेकड्याला, खाडीकाठच्या तिवराला पाटी वाचता येत नाही. म्हणून पाटी माणसासाठी आणि अभय त्यांच्यासाठी. अभय हे समर्थाने द्यावयाचे असते. सशाने वाघास अभय दिले असे कोणी म्हणत नाही. आणि ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे, जाळे आहे, बंदूक आहे आणि कारखान्याचे धुराडेही आहे, असा समर्थ आज माणसाशिवाय दुसरा कोण आहे?

इतके कोणीही मान्य करील. खरा प्रश्न पुढचा आहे. नदीच्या काठी, एखाद्या सीमेलगत, चार-साडेचारशे एकर जमीन माणसाने राखून ठेवावी, तेवढ्यापुरते 'येथे कोणी कोणास मारू नये' असे म्हणावे, आणि त्या कुंपणाबाहेर आपला व्यवहार होता तसाच चालू ठेवावा. यात धर्म किती आणि सोंग किती? हा प्रश्न मोठा आहे, बरे का. कारण तो केवळ पाखरांचा नाही. दयेला सीमा घालता येते काय, आणि घातली तर ती दया राहते काय, असा त्याचा गाभा आहे.

प्रथम आपल्या जुन्या ग्रंथांकडे पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, पडीक भूमीचे काय करावे याचा विचार आला आहे. तेथे तो राजास दोन प्रकारची मृगवने करावयास सांगतो. एक राजाच्या विहारासाठी. त्यातील श्वापदांची नखे आणि दाढा काढलेल्या असाव्यात, म्हणजे महाराजांस खेळताना ओरखडा यावयाचा नाही! दुसरे वन मात्र निराळे. ते राज्याच्या सीमेवर, अथवा भूमीच्या सोयीप्रमाणे असावे, आणि तेथे सर्व पशूंस अतिथी मानावे, असे तो म्हणतो. याच अधिकरणात पुढे, ज्या प्राण्यांना अभय जाहीर झाले आहे, जे अभयवनात राहतात, असे पशू, पक्षी आणि मासे यांना बांधणाऱ्यास किंवा मारणाऱ्यास मोठ्यात मोठा दंड सांगितला आहे. माशांचासुद्धा त्यात उल्लेख आहे, हे ध्यानात ठेवावे.

येथे 'अतिथी' हा शब्द फार मोलाचा आहे. गाय आपली, बैल आपला, कोंबडी आपली. त्यांना आपण सांभाळतो, कारण त्यांचा आपल्याला उपयोग आहे. अतिथीचा उपयोग कोणी विचारत नाही. दारी आलेल्यास 'तुमचा आम्हाला फायदा काय?' असे जो पुसतो, त्याच्या घरी अतिथिधर्म उरलाच नाही. म्हणजे अर्थशास्त्रासारख्या रोखठोक ग्रंथातही, जेथे प्रत्येक गोष्टीला किंमत आणि कर आहे, तेथे हिशेबाबाहेरची एक जागा ठेवली आहे. आणि ती कोठे? तर प्रत्यंतात, म्हणजे सीमेवर.

सीमेवरच का, हेही पाहण्यासारखे आहे. सीमा म्हणजे जेथे दोघांचाही हात आखडतो ती जागा. अलीकडचा नांगर तेथे थांबतो, पलीकडचाही थांबतो, आणि मधली पट्टी आपोआप हिरवी राहते. कोरिया देशाचे उदाहरण घ्या. १९५३ साली तेथील युद्ध थांबले, आणि उत्तर व दक्षिण यांच्यामध्ये सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद अशी पट्टी मोकळी सोडण्यात आली. दोन्ही बाजूंस सैन्य, तारा आणि सुरुंग. माणसाचे पाऊल पडत नाही, म्हणून तेथे झाडी माजली आणि दुर्मिळ क्रौंच पक्षी हिवाळा काढण्यास येऊ लागले. जे काम पुण्याईने झाले नसते ते भयाने झाले! पण याला अभयारण्य म्हणावे काय? क्रौंचाच्या दृष्टीने होय. माणसाच्या दृष्टीने मात्र तेथे दान कोणीच केलेले नाही. दोन भांडखोर भावांच्या वादात पडीक राहिलेल्या शेतात पाखरे उतरली, इतकेच.

आम्हा पालघरकडच्या लोकांस सीमेची गोष्ट पुस्तकात वाचावी लागत नाही. तलासरीच्या पलीकडे नगर हवेली. १९५४ सालच्या ऑगस्टच्या २ तारखेस सिल्वासा मुक्त होईपर्यंत तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. दमण तर १९६१ सालच्या डिसेंबरात सुटले. दमणगंगा नदी नाशिककडच्या सह्याद्रीत उगम पावून आमच्या बाजूने खाली उतरते, नगर हवेलीतून जाते, गुजरातेत वापीजवळून वाहते आणि दमणला समुद्रास मिळते. म्हणजे त्या काळी ही नदी एकदा परदेशात जात असे, पुन्हा स्वदेशात येत असे आणि शेवटी पुन्हा परदेशात जाऊन समुद्राला मिळत असे. तिला परवाना कोणी मागितला नाही. पोर्तुगालने या मुलखातून आपल्याला जाण्या-येण्याचा हक्क असावा म्हणून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. १९६० साली त्याचा निकाल लागला. त्या दाव्यात नदीला पक्षकार करावे असे कोणाच्या मनात आले नाही! आज ती परराज्याची सीमा उरलेली नाही. दादरा, नगर हवेली, दमण आणि दीव मिळून २०२० पासून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. सीमा गेली, नदी राहिली. तात्पर्य, सीमा ही माणसाची, आणि नदी ही भूमीची.

आता ज्या स्थळामुळे हा विचार निघाला तिकडे वळू. गोव्यात मांडवी नदीमध्ये चोडण नावाचे बेट आहे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरले की बेटाच्या पश्चिम टोकास तिवरांचे दाट वन लागते. १९८८ साली सरकारने हे वन पक्ष्यांसाठी राखून ठेवले आणि थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव त्यास दिले. सालिम अली त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तले होते. क्षेत्र किती म्हणाल, तर १.७८ चौरस किलोमीटर. म्हणजे साधारण ४४० एकर. दोन-चार मोठ्या शेतकऱ्यांची जमीन एकत्र केली तर होईल एवढे! पण त्या एवढ्याशा चिखलात किती प्रपंच चालतो पाहा. भरतीचे खारे पाणी आत येते, ओहोटीला बाहेर जाते. तिवराची मुळे नाकासारखी चिखलाबाहेर डोके काढून श्वास घेतात. त्यांच्या आधाराने निवट्या चिखलावर उड्या मारतात, खेकडे बिळे करतात, माशांची पिले वाढतात. आणि त्या सर्वांवर बगळे, खंड्ये, पाणकावळे व घारी पोसल्या जातात. थंडीत दूरदेशीचे पाहुणे येतात ते निराळेच. झाड पडले तर किनारा खचतो, किनारा खचला तर गाव खचते. असा हा एकमेकांच्या आधाराचा संसार आहे.

या काठाचा पूर्वेतिहास मात्र अभयाचा नाही. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले, आणि पुढे तिसवाडीतील बेटांवरची देवळे पाडली गेली. त्या काळी मांडवीच्या या फाट्यांपलीकडे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती; म्हणजे ही नदी हीच सीमा होती. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर भक्तांनी पाण्यापलीकडे नार्वे येथे नेला, आणि तेथे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा उभे केले. खुद्द चोडणची देवकीकृष्णाची मूर्ती बेट सोडून अखेर माशेलास गेली. आजही माशेलच्या देवळात देवकी बाळकृष्णाला कडेवर घेऊन उभी आहे. विचार करा, श्रोतेहो! ज्या काठावरून देवालासुद्धा अभय शोधत नदी ओलांडावी लागली, देवकीला दुसऱ्यांदा लेकरू घेऊन निघावे लागले, त्याच काठावर आज पाखरास अभय आहे. यात कोणाचा जय आणि कोणाचा पराजय, असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की भूमीचा स्वभाव कायमचा ठरलेला नसतो. जशी माणसे वागतात तशी ती भयाची किंवा अभयाची होते.

आता पूर्वपक्ष मांडू. तो तीन अंगांचा आहे.

पहिला आक्षेप असा की, ४४० एकर म्हणजे काय? सगळी नदी नासवायची आणि तिच्या एका टोकाला पाखरांसाठी पाटी लावायची, ही तर फसवणूक झाली. दुसरा आक्षेप असा की, जे दंडाच्या भीतीने राखले जाते त्यात धर्म नाही; पहारेकरी घरी गेला की कुऱ्हाड चालणारच. आणि तिसरा आक्षेप, जो मला सर्वांत जड वाटतो, तो असा की, दया करणारा एक आणि तिची किंमत मोजणारा दुसरा. शहरातला मनुष्य सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन येतो आणि पाखरे पाहून सद्गदित होतो. पण ज्याचे जाळे त्या पाण्यात पडत असे, ज्याचे खाजण त्या काठाला आहे, त्याला विचारले कोणी?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर वारकऱ्यास अवघड नाही. आपण पंधरवड्यातून एक दिवस एकादशी करतो. चौदा दिवस जेवतो, एक दिवस लंघन करतो. मग कोणी म्हणावे की, 'एका दिवसाने काय होते? हे तर सोंग आहे'? नाही. त्या एका दिवसाने मनुष्याला कळते की, खाणे हे आपल्या हातात आहे आणि न खाणेही आपल्या हातात आहे. जिभेवर आपली सत्ता आहे, जिभेची आपल्यावर नाही, हे एक दिवस तरी अनुभवाला येते. आणि ज्याची एकादशी खरी, त्याचे उरलेले चौदा दिवसही हळूहळू शुद्ध होतात. अभयारण्य ही भूमीची एकादशी आहे. हावेला एका जागी तरी 'पुरे' म्हणता येते, हे त्या ४४० एकरांनी सिद्ध होते. म्हणून लहान आहे एवढ्याने ते टाकाऊ ठरत नाही. व्रताचे मोल त्याच्या आकारावरून ठरत नाही.

परंतु याच दृष्टांताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर कीर्तन एकतर्फी होईल. आपल्याकडे म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचे काप, वर केळी आणि दूध. उपवास की मेजवानी? व्रताच्या नावाखाली भोग वाढला तर ते व्रत नसल्याहून वाईट, कारण नसताना निदान खोटे समाधान तरी नव्हते. अभयारण्याचेही असेच आहे. 'आम्ही तिकडे राखले आहे ना, मग इकडे मोकळीक असू द्या' असे जेथे म्हटले जाते, तेथे दुप्पट खाशी सुरू झाली असे समजावे. आणि नदीच्या बाबतीत तर हे ताबडतोब उघडकीस येते. डोंगराला कुंपण घालता येईल, पण वाहत्या पाण्याला कुंपण कसे घालणार? वर जे ओताल ते खाली येणारच.

हे पाहण्यास गोव्यापर्यंत जावयास नको. आमच्या बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. हजारो घरांच्या चुली तिच्यावर पेटतात, हे विसरून चालणार नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी करून जे गुणांक काढले, त्यात तारापूरचा पहिला क्रमांक आला; गुण ९३.६९. शाळेत मुलाने असे गुण आणले असते तर पेढे वाटले असते! येथे मात्र जितके गुण अधिक तितका अवगुण अधिक. सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत, नवापूरकडे समुद्रात नेणारी वाहिनी आहे. तरीही खाड्यांतील मासळी मेली, अशी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची तक्रार आहे, आणि त्यांच्या मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादापुढे जाऊन उभे राहावे लागले. आता सांगा पाहू, अशा खाडीच्या मुखाशी उद्या कोणी पक्ष्यांसाठी शंभर एकर राखले, तर त्या पाखरांनी खायचे काय? पाटी?

म्हणून पहिल्या आक्षेपाचा निर्णय असा: लहान जागा राखणे हा धर्मच आहे, पण तो बाहेरच्या वागणुकीची सुरुवात असेल तर. ती बाहेरच्या वागणुकीची भरपाई असेल, तर तो केवळ हिशेब आहे, आणि तोही खोटा.

दुसरा आक्षेप भयाचा. येथे गीतेचा सातवा अध्याय स्मरावा. भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगितले: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटाच्या भीतीने येणाराही भक्तच, काही मागण्यासाठी येणाराही भक्तच. आणि भगवंत त्या सर्वांनाच उदार म्हणतात. ज्ञानी हा आपला आत्माच आहे, हे वेगळे सांगतात. पण म्हणून बाकीच्यांना देवळाबाहेर काढत नाहीत. राखणाऱ्यांचेही असेच प्रकार आहेत. कोणी दंडाच्या भीतीने राखतो, कोणी लाभासाठी राखतो (पर्यटक येतील, चार पैसे मिळतील), कोणी 'हे आहे तरी काय' या कुतूहलाने राखतो, आणि विरळा एखादा आपल्यासारखेच जीव म्हणून राखतो. पहिली पायरी भयाची असली तर असू द्यावी. लहान मूलही प्रथम छडीच्या धाकाने पाढे म्हणते. मात्र साठाव्या वर्षीही छडी लागत असेल तर शिकवणीत चूक आहे.

भय आणि भाव यांचे वैर असतेच असे नाही, हे आमच्या जंगलपट्टीतील वारली बंधूंकडून शिकावे. डहाणू, जव्हार, विक्रमगडकडे हिंडताना गावाच्या शिवेवर वाघदेवाचा दगड किंवा लाकडी पाटा दिसतो. त्यावर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. वाघबारशीला त्याची पूजा होते. ज्याची भीती त्यालाच देव केले, आणि बसविला कोठे? पुन्हा सीमेवरच. येथपर्यंत गाव आमचे, येथून पुढे वन तुझे. तू आमच्याकडे मर्यादेने ये, आम्ही तुझ्याकडे मर्यादेने येऊ. हा करार आहे. आपल्या भाषेतही मर्यादा हा शब्द पाहा. मर्यादा म्हणजे हद्द, आणि मर्यादा म्हणजे मोठ्यांपुढे बाळगायची अदब. एकाच शब्दात दोन्ही अर्थ आले, ते उगीच नव्हे. ज्याला हद्द कळत नाही त्याला अदबही कळत नाही.

आता तिसरा आक्षेप. महीपतिबुवांनी तुकोबारायांची एक कथा सांगितली आहे. एका शेतकऱ्याने त्यांना शेत राखावयास बसविले. पाखरे आली, कणसांवर बसली. आणि तुकोबांना त्यांना हाकलवेना. तेही जीव, त्यांनाही भूक. पाखरे पोटभर जेवली. शेतकऱ्याने पंचांकडे गाऱ्हाणे नेले आणि भरपाई राखणदाराच्या माथी आली. पुढे धान्य मोजले तेव्हा अपेक्षेहून अधिक भरले, ही देवाची लीला. आपण कीर्तनात तो चमत्कार रंगवून सांगतो आणि टाळ्या घेतो. पण मधली गोष्ट राहून जाते. दया तुकोबांनी केली, शेत दुसऱ्याचे होते. पण भरपाईचा प्रश्न आला तेव्हा ती त्यांनी पाखरांवर ढकलली नाही, शेतकऱ्यावरही ढकलली नाही. ज्याने अभय दिले त्याने किंमत मोजावी, हा त्या कथेचा कणा आहे. आपल्या हातून चमत्कार होणार नाहीत. तेव्हा आपण तरी भरपाईची तयारी आधी ठेवली पाहिजे.

गोव्यातील आणि आमच्याकडील खाजणांचे उदाहरण घ्या. खाडीलगत मातीचे बांध घालून, मानस बसवून, खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखण्याची रीत फार जुनी आहे. बांध फुटला, वेळेवर दुरुस्त झाला नाही, की खारे पाणी आत येते. आणि दोन-चार वर्षांत तेथे तिवरे उगवतात. तिवर तोडण्यास कायद्याची बंदी, आणि शेतकऱ्यास भात हवे. कोण बरोबर? तिवरही निरपराध, शेतकरीही निरपराध. अशा वेळी 'निसर्ग राखा' अशी नुसती घोषणा करणे सोपे आणि 'शेतकऱ्याला न्याय द्या' अशी नुसती घोषणा करणेही तितकेच सोपे. कठीण असते ते बांध फुटण्याच्या आधी गावाने एकत्र येऊन तो बांधणे. तो कंटाळवाणा, चिखलाचा धर्म करणारी माणसे होती म्हणून खाजणे इतकी शतके टिकली, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला तिवरेही टिकली.

आणि माणसांस उठवून भूमी मोकळी करणे ही गोष्ट तर आमच्या डोळ्यांपुढची आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन यंत्रे १९६९ साली चालू झाली असे धरले जाते. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या यंत्रासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे जागची हलली. अणुभट्टीच्या भोवती वस्ती असू नये हा नियम योग्यच आहे. वीज सर्वांना मिळाली, गाव मात्र दोनच गेले. येथे कारण अणूचे, तेथे कारण पाखराचे. पण जो उठतो त्याला चूल मोडण्याचे दुःख तेच.

मग सीमा ठरवावी कोणी? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या वादाचे प्रकरण आहे. त्या स्मृतीतील पुष्कळ गोष्टी आज कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नयेत. पण हे प्रकरण वाचण्यासारखे आहे. सीमा कशाने दाखवावी? वड, पिंपळ, पळस, सावरी, ताड अशा झाडांनी. तळी, विहिरी, झरे आणि देवळे यांनी. म्हणजे माणसामाणसांतील हद्द दाखविण्याचे काम झाडाने आणि पाण्याने करावे. आणि वाद झाला, शेजारच्या गावचे साक्षी मिळेनात, तर कोणास विचारावे? पारध्यांस, पाखरे धरणाऱ्यांस, गुराख्यांस, कोळ्यांस, कंदमुळे खणणाऱ्यांस, साप पकडणाऱ्यांस, वेचून खाणाऱ्यांस आणि रानात फिरणाऱ्या इतरांस! पंडितास विचारा असे म्हटले नाही, सावकारास विचारा असेही नाही. जो त्या हद्दीवरून रोज अनवाणी चालतो त्याला हद्द ठाऊक असते, हे त्या शास्त्रकारालाही नाकारता आले नाही.

ही कसोटी आजच्या प्रश्नांना लावून पाहावी. डहाणू तालुका १९९१ साली केंद्र सरकारने नाजूक पर्यावरणाचा प्रदेश म्हणून जाहीर केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यास सांगितले, आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ साली देह ठेवीपर्यंत ते काम पाहिले. डहाणूची ती एक मोठी एकादशीच होती. आता त्याच तालुक्यात वाढवण येथे मोठे बंदर होत आहे. २०२३ साली प्राधिकरणाने त्यास अटींसह संमती दिली, २०२४ सालच्या ऑगस्टअखेर पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये. बंदराने देशाचा व्यापार वाढेल, तरुणांस काम मिळेल, असे एक पक्ष म्हणतो. समुद्र बुजवला तर मासळी जाईल आणि आमचे जिणे जाईल, असे मच्छीमार म्हणतात. राजकारणाचा निर्णय कीर्तनकाराने देऊ नये. पण धर्माचा प्रश्न विचारण्यास हरकत नाही: घातलेली सीमा हलविताना, रोज त्या सीमेवरून चालणाऱ्याची साक्ष घेतली काय? घेतली असेल तर ती कागदावर घेतली की कानावर? आणि ज्याचे नुकसान होणार त्याची भरपाई लाभ घेणाऱ्याने स्वतःच्या पदरातून, वेळेवर, मान ठेवून केली काय? या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर सीमा हलली तरी मर्यादा राहील. नसतील तर सीमा राहिली तरी मर्यादा गेलीच.

आता सिद्धांत सांगतो. दयेला सीमा नसते हे खरे. पण देहधारी माणसाची दया कोठेतरी सुरू व्हावी लागते, आणि जेथे ती सुरू होते तेथे एक रेषा दिसते. ती रेषा उंबरठ्यासारखी असावी, भिंतीसारखी असू नये. उंबरठ्यावर दिवा ठेवला की त्याचा उजेड घरातही पडतो आणि अंगणातही पडतो. राखलेल्या ४४० एकरांचा उजेड जर उरलेल्या नदीवर पडत असेल, तर ते अभयारण्य खरे.

यात आपण साध्या माणसांनी काय करावे? ब्रह्मगिरीचा विचार करा. ज्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे, त्या डोंगररांगेतून गोदावरी पूर्वेकडे जाते आणि आमची वैतरणा पश्चिमेकडे येते. पुराणातील वैतरणी ही जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्या मधली सीमा. आमची वैतरणा मात्र जिवंतांची नदी आहे, आणि तिने तसेच राहावे. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्या नदीच्या, ओढ्याच्या किंवा खाडीच्या काठाचा एक तुकडा, शंभर पावलांचा का होईना, नेमून घ्यावा. तेथे कचरा टाकू नये, झाड तोडू नये, विणीच्या दिवसांत जाळे लावू नये. आधी गावातल्या गुराख्यास आणि मासे धरणाऱ्यास विचारून तो तुकडा ठरवावा; कोणाचे नुकसान होत असेल तर दिंडीच्या वर्गणीसारखी वर्गणी काढून ते भरून द्यावे. एकादशीला भजन संपले की टाळ पिशवीत घालण्यापूर्वी चार जणांनी त्या काठावर एक फेरी मारून यावे. पाणी कसे आहे, वास कसा येतो, कोण पाखरू आले आणि कोण यंदा आले नाही, हे पाहावे आणि वहीत तिथी घालून लिहून ठेवावे. चार वर्षांनी ती वही हीच त्या नदीची साक्ष होईल, आणि सीमेचा वाद निघाला तर पंचांपुढे ठेवावयास आपल्यापाशी काहीतरी असेल.